प्रवासवर्णन नसलेली प्रवासिनी : बायजाबाई शिंदे आणि मराठी प्रवासवाङ्मयाची सीमारेषा

मराठी प्रवासवर्णनाचा विचार करताना समीक्षेने एक गोष्ट सहसा गृहीत धरलेली असते. जो प्रवास करतो तोच तो लिहितो, आणि जो लिहितो त्याच्या 'मी'मधूनच प्रवासाला वाङ्मयीन रूप येते, हे ते गृहीत होय. आधुनिक प्रवासवर्णनाच्या संदर्भात ते उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु हाच निकष मागे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांकडे नेला की एक विचित्र परिणाम होतो. त्या काळात मराठी स्त्रिया शेकडो कोस हिंडत होत्या. काशी, गया, प्रयाग, मथुरा, नाशिक, रामेश्वर या वाटा त्यांच्या पायांखालच्या होत्या. मात्र त्यांनी प्रवासवृत्ते लिहिली नाहीत म्हणून प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा नाही. हा इतिहास स्त्रियांच्या बाबतीत थेट पंडिता रमाबाईंच्या १८८३ मधील 'इंग्लंडचा प्रवास'पाशी आणि १८८९ मधील 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथापाशी सुरू होतो. त्यापूर्वीची प्रवासिनी ही इतिहासकाराची बाब ठरते, समीक्षकाची नव्हे.

ही विभागणी कितपत टिकते, याचा विचार करण्यासाठी ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे. बायजाबाईंचे स्वतःचे प्रवासवर्णन नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातील दोन महत्त्वाची प्रवासवृत्ते, एक इंग्रजी आणि एक मराठी, त्यांच्यावाचून आज आहेत तशी झाली नसती. पहिले फॅनी पार्क्स यांचे १८५० मध्ये लंडनला दोन खंडांत प्रसिद्ध झालेले भारतातील भटकंतीचे वृत्त आणि दुसरे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. या दोन्ही ग्रंथांत बायजाबाई कोणत्या रूपाने येतात, हे पाहिले असता 'प्रवासी' या संज्ञेचाच फेरविचार करावा लागतो.

जीवनाचा नकाशा

बायजाबाईंचा जन्म १७८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यात झाला. दौलतराव शिंद्यांचे कारभारी म्हणून कुप्रसिद्धी पावलेले सखाराम, म्हणजेच सर्जेराव घाटगे, हे त्यांचे वडील. १७९८ मध्ये पुण्यात दौलतरावांशी त्यांचा विवाह झाला. शिंद्यांचे राज्य त्या काळी एका राजधानीत बसलेले नव्हते. ते लष्कराबरोबर फिरत होते, आणि राजस्त्रियांचे जीवनही त्याबरोबर फिरत होते. घोडेस्वारी, तलवार आणि भाला यांत बायजाबाई तरबेज होत्या असे तत्कालीन वर्णनांतून येते. त्यामागे केवळ व्यक्तिगत आवड नव्हती. छावणी हेच घर असलेल्या समाजाचे ते शिक्षण होते.

२१ मार्च १८२७ रोजी दौलतरावांचे निधन झाले. पुत्र नव्हता. त्याच वर्षी जून महिन्यात मुकुटराव या अकरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन जनकोजीराव हे नाव देण्यात आले आणि राज्यकारभार बायजाबाईंच्या हाती राहिला. पुढील सहा वर्षे त्यांनी राज्य चालवले. काशीच्या ज्ञानवापी कूपावरील स्तंभमंडप १८२८ मध्ये त्यांनी बांधविला, तो या काळातला. तेथील शिंदे घाटही त्यांच्याच नावे सांगितला जातो. स्वतःच्या भारानेच तो गंगेत खचला ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दत्तक पुत्र वयात येऊ लागला तसा सत्तेचा प्रश्न तीव्र झाला. १८३२ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला येऊन गेले, पण वादात हात घालण्याचे त्यांनी टाळले. जुलै १८३३ मध्ये लष्कराचा एक भाग जनकोजीरावांच्या बाजूस गेला आणि बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले.

येथून पुढे त्यांच्या जीवनाचा नकाशा पसरत जातो. धोलपूर, आग्रा, फत्तेगड, अलाहाबाद, काही वर्षे नाशिक, १८४३ मध्ये जनकोजीरावांचे निधन झाल्यानंतर माळव्याकडे परत, उज्जैन आणि अखेर ग्वाल्हेर. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि झांशीची राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बायजाबाई राजस्त्रियांसह नरवरला गेल्या. १८६३ मध्ये ग्वाल्हेर येथे त्यांचा अंत झाला. या सगळ्या मुक्कामांपैकी किती त्यांनी स्वतः निवडले आणि किती त्यांच्यावर लादले गेले, हा प्रश्न त्यांच्या प्रवासाचा अर्थ लावताना मध्यवर्ती ठरतो.

पार्क्सबाईंनी रेखाटलेले चित्र

फॅनी पार्क्स या अलाहाबादच्या कस्टम खात्यातील एका अधिकाऱ्याच्या पत्नी. १८२२ मध्ये त्या भारतात आल्या. हिंदुस्थानी बोलायला शिकल्या, सतार वाजवायला शिकल्या आणि नदीतून, रस्त्याने, मिळेल त्या साधनाने हिंडत राहिल्या. त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांनी स्वतःला 'यात्रेकरू' म्हटले आहे. चित्रवत् सौंदर्याच्या शोधात निघालेली यात्रेकरू. उपशीर्षकात जनानखान्यातील जीवनाच्या दर्शनाचे आश्वासन आहे. म्हणजे सौंदर्य आणि रहस्य ही दोन आकर्षणे वाचकासमोर आरंभीच ठेवलेली आहेत.

१८३५ च्या एप्रिलमध्ये फत्तेगड येथे बायजाबाईंच्या छावणीत त्या प्रथम गेल्या. या भेटीचे वर्णन ग्रंथातील उत्तम प्रकरणांपैकी आहे. बायजाबाई गादीवर बसलेल्या आहेत, शेजारी नात गजराजासाहेब आहे, भोवती स्त्रिया उभ्या आहेत आणि गादीवर पायांपाशी शिंद्यांची तलवार ठेवली आहे. बाई वयस्क, केस पिकलेले, अंगाने स्थूल, हातपाय लहान व रेखीव, हास्य अत्यंत गोड. वैधव्यामुळे अंगावर दागिने नाहीत; साधे सोन्याचे कडे तेवढे आहे. पार्क्सबाईंची नजर चित्रकाराची आहे. काय कोठे ठेवले आहे, हे ती अचूक टिपते.

मात्र या चित्रातील वस्तूंचा अर्थ मराठी वाचकाला जसा लागतो तसा तो लेखिकेला लागलेला दिसत नाही. गादी हे आसन नव्हे, ती सत्ता आहे. गादीवर तलवार ठेवणे ही सजावट नव्हे, तो एक दावा आहे. राज्य हातून गेलेली, परक्या मुलखात इंग्रजी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहिलेली स्त्री पाहुणीचे स्वागत करताना शिंद्यांची तलवार समोर ठेवते, तेव्हा ती आपण अजून पदच्युत झालो नसल्याचे सांगत असते. पार्क्सबाईंनी तलवार पाहिली आणि नोंदविली, हे त्यांचे ऋण आहे. तिचे वाचन करणे हे समीक्षेचे काम आहे.

पोशाखाच्या बाबतीतही असेच घडते. मराठा स्त्रियांचे लुगडे पायांमधून मागे नेऊन खोचले जाते, त्यामुळे ते वस्त्र घोड्यावर बसण्यास सोयीचे होते, हे निरीक्षण पार्क्सबाईंनी बारकाईने केले आहे. लुगड्याची लांबी मात्र त्यांनी नऊ वारांच्या दुपटीहूनही अधिक सांगितली आहे. ही अतिशयोक्ती क्षुल्लक आहे; पण काष्ट्याचे कार्य त्यांना कळले आणि काष्ट्याची सामान्यता कळली नाही, हे तीतून दिसते. शेतात राबणारी, घाट चढणारी, जात्यावर बसणारी स्त्रीही तेच नेसत होती. ग्वाल्हेरच्या राजस्त्रियांचे घोड्यावर बसणे इंग्रज वाचकाला जेवढे चमत्कारिक वाटले तेवढे ते मराठी समाजात नव्हते. 'रूढीबाह्य' हा शब्द कोणाच्या रूढीच्या तुलनेत वापरला जातो, हे येथे तपासणे आवश्यक होते.

घोडा, खोगीर आणि कायदा

याच संदर्भात त्या ग्रंथातील एका प्रसिद्ध प्रसंगाकडे पाहता येईल. इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूला पाय सोडून कशा बसतात, याचे छावणीतील स्त्रियांना मोठे नवल वाटले. पार्क्सबाईंचे खोगीर पाहून त्यांची करमणूक झाली. मग पार्क्सबाईंनी मराठी पोशाख चढविला, मराठी घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून त्या बसल्या आणि त्यांना मोकळे वाटले. स्त्रियांची बैठक बदलणाऱ्या एलिझाबेथ राणीच्या शहाणपणाविषयी तेव्हा त्यांच्या मनात शंका आली.

हा प्रसंग केवळ गमतीचा नाही. येथे पाहणाऱ्याची आणि पाहिल्या जाणाऱ्याची स्थाने उलटी होतात. प्रवासवर्णनात सामान्यतः परकी लेखिका स्थानिकांच्या चालीरीतींचे नवल करते. येथे स्थानिक स्त्रिया तिच्या चालीचे नवल करतात आणि लेखिका ते मान्य करते. याच भेटींच्या ओघात विवाहित स्त्रियांविषयीच्या इंग्लंडच्या कायद्याचाही विषय निघतो. कायद्याने पत्नी पतीची जवळजवळ दासीच होते आणि तिला दाद मागण्यास फारसा मार्ग नसतो, अशी कबुली पार्क्सबाई देतात. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्र मालमत्तेचा परिणामकारक हक्क मिळाला तो १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. त्यापूर्वी कित्येक वर्षे हा संवाद झाला आहे, आणि तो सहा वर्षे राज्य चालविलेल्या स्त्रीशी झाला आहे.

तथापि या संवादाला मर्यादाही आहे. त्यात आपल्याला ऐकू येतो तो प्रामुख्याने पार्क्सबाईंचा असंतोष. बायजाबाई त्यांच्यासाठी आरसा ठरतात. स्वतःच्या समाजाविषयी जे उघड म्हणता येत नाही ते मराठा राणीच्या छावणीत बसून म्हणता येते. बायजाबाईंचे शब्द येतात ते अनुवादित, संक्षिप्त आणि लेखिकेच्या गरजेपुरते. पार्क्सबाईंना पडद्याच्या आत प्रवेश होता, जो एकाही पुरुष अधिकाऱ्याला नव्हता. त्यामुळे त्यांची साक्ष अमूल्य ठरते. पण आत गेलेली व्यक्ती आतली होत नाही, हा विवेक वाचकाने ठेवला पाहिजे. २००२ मध्ये विल्यम डालरिंपल यांनी या ग्रंथाची नवी आवृत्ती संपादित केल्यावर पार्क्सबाई पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या. भारतावर प्रेम करणारी मुक्त स्त्री ही त्यांची प्रतिमा त्यातून दृढ झाली. त्या प्रतिमेत बायजाबाईंना मिळालेली जागा अद्यापही पार्श्वभूमीची आहे.

दोघींच्या प्रवासातील अंतर तर या ग्रंथाच्या शीर्षकातच आहे. जी स्वतःला यात्रेकरू म्हणविते ती मनात येईल तेव्हा निघू शकते आणि थांबू शकते. जिच्या धर्मात यात्रा हा संस्कार आहे ती मात्र गंगेच्या काठी सरकारी हुकमाने येते. फत्तेगडहून अलाहाबादला जाण्याचा आदेश आला तेव्हा बायजाबाईंच्या छावणीत जे दुःख पसरले, त्याचे वर्णन पार्क्सबाईंनी सहानुभूतीने केले आहे. प्रयाग हे तीर्थराज. तेथे जाण्यासाठी लोक आयुष्यभर पैसा साठवितात. बायजाबाईंना मात्र तेथे जाणे ही शिक्षा वाटली, कारण प्रत्येक मुक्कामागणिक ग्वाल्हेर दूर जात होते. यात्रा आणि हद्दपारी यांची वाट येथे एकच झाली आहे. फरक पडतो तो निघण्याचा निर्णय कोणाचा यामुळे.

त्याच १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये जबलपूरहून आणखी एक प्रवासी निघाला. ठगांच्या बंदोबस्ताने प्रसिद्धीस आलेले स्लीमन प्रकृतीसाठी रजा घेऊन हिमालयाकडे निघाले, ग्वाल्हेरवरून गेले आणि त्यांचे प्रवासवृत्त १८४४ मध्ये प्रकाशित झाले. एकाच वर्षी, एकाच प्रदेशात तीन माणसे वाटेवर आहेत. रजेवरचा अधिकारी लिहितो, अधिकाऱ्याची पत्नी लिहिते, हद्दपार राणी लिहीत नाही. प्रवास लिहिता येणे हे केवळ प्रतिभेवर अवलंबून नसून प्रवाशाच्या राजकीय स्थितीवरही अवलंबून असते, हे या योगायोगातून स्पष्ट होते. जिच्या प्रत्येक हालचालीची नोंद सरकारी दप्तरात होत होती, तिने स्वतःची हालचाल कागदावर उतरविणे शहाणपणाचे नव्हते.

गोडसे भटजींच्या वाटेवर

मराठी प्रवासवृत्तात बायजाबाई येतात त्या अगदी निराळ्या प्रकारे. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जात बुडालेल्या कुटुंबासाठी द्रव्य मिळविण्यास चुलत्यांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. निघण्याचे कारण असे की, शिंद्यांच्या बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख नावाचा यज्ञ करणार असून त्यात लाखो रुपयांचा धर्म होणार, अशी वार्ता दक्षिणेत पसरली होती. यज्ञाच्या ओढीने निघालेला भिक्षुक बंडाच्या वाटेला लागला. त्याने झांशीचा वेढा आतून पाहिला आणि गंगाजळाची कावड घेऊन तो कोकणात परतला. पुढे सुमारे पाव शतकाने त्याने ती हकीकत लिहिली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ मध्ये संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितानुसार दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ मध्ये आली.

'माझा प्रवास'वर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. त्यातील लक्ष्मीबाईंचे दर्शन, निवेदनाचा भाबडेपणा, युद्धाचे प्रत्यक्ष चित्रण आणि भाषेचे वळण यांची चर्चा झाली आहे. बायजाबाईंचा उल्लेख मात्र प्रवासाचे निमित्त म्हणून होतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः हे निमित्त फार मोठे आहे. ग्वाल्हेरच्या एका वृद्ध विधवेने मथुरेत यज्ञ करण्याचा संकल्प केला आणि त्याची वार्ता कोकणातल्या एका खेड्यापर्यंत गेली. ती वार्ता ज्या मार्गांनी गेली ते मार्ग यात्रेकरूंनी, सावकारांनी, भिक्षुकांनी आणि शिंदे-होळकरांच्या लष्करांनी तयार केलेले होते. दक्षिणेची कल्पना आणि उत्तरेचे द्रव्य यांना जोडणाऱ्या या मराठी भूगोलाच्या केंद्रस्थानी १८५७ च्या पूर्वसंध्येला बायजाबाई होत्या. गोडसे भटजी चालले ते त्यांच्या भूगोलातून.

म्हणून दोन ग्रंथांत दोन बायजाबाई दिसतात. पार्क्सबाईंच्या ग्रंथात त्या दृश्य आहेत, पण हतबल आहेत. गोडसे यांच्या ग्रंथात त्या बहुतांशी अदृश्य आहेत, पण कर्त्या आहेत. इंग्रज लेखिकेने त्यांचे रूप, हास्य आणि हात पाहिले. मराठी भिक्षुकाला त्यांच्या दातृत्वाने घराबाहेर काढले. दोन्ही चित्रे एकत्र ठेवल्याखेरीज या स्त्रीचे प्रवासी जीवन नीट कळत नाही.

रूढीबाह्यतेचा प्रश्न

बायजाबाईंना बंडखोर ठरविण्याचा मोह अलीकडच्या लेखनात होऊ शकतो. तो टाळणे इष्ट आहे. त्यांनी परंपरेविरुद्ध उघड विधान केल्याचे दिसत नाही. घाट, मंडप, यज्ञ, तीर्थवास या सर्व गोष्टी एका राजविधवेने कराव्यात अशाच होत्या. अठराव्या शतकात बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये पुण्याहून काशीयात्रेला निघाल्या आणि उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया करून पुढच्या वर्षी परतल्या. पेशवे दप्तरातील पत्रांतून ही यात्रा कळते. वाटेतील राजेरजवाड्यांनी केलेला त्यांचा सत्कार हा मराठी सत्तेला दिलेला मान होता. म्हणजे यात्रेला राजकीय अर्थ असणे ही बायजाबाईंच्या आधीचीच परंपरा होती.

बायजाबाईंचे वेगळेपण असे की, त्यांच्यामागे सत्ता नव्हती. राधाबाईंची यात्रा सत्तेच्या छायेत झाली. बायजाबाईंना सत्ता गेल्यानंतर त्याच साधनांनी आपली प्रतिष्ठा टिकवावी लागली. विधवेचे निराभरण रूप त्यांनी स्वीकारले आणि समोर तलवार ठेवली. तीर्थवासाची सक्ती सोसली आणि त्यातूनच दानधर्माची कीर्ती उभी केली. रूढी मोडण्याऐवजी रूढीच्या आत जेवढी जागा सापडेल तेवढी व्यापणे, हे त्यांच्या वर्तनाचे सूत्र दिसते. त्याचबरोबर त्यांचे राजकारण निर्दोष होते असेही नाही. दत्तक पुत्राच्या हाती कारभार सोपविण्याची त्यांची अनिच्छा हे ग्वाल्हेरच्या संघर्षाचे एक कारण होते. सहानुभूतीपोटी ही बाजू झाकणे म्हणजे त्यांना पुन्हा केवळ पीडित स्त्रीच्या चौकटीत बसविणे होय.

स्मृतीचा भूगोल

या प्रश्नाला बृहन्महाराष्ट्राच्या वाङ्मयीन स्मृतीचीही बाजू आहे. जबलपूर काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि १८१७ च्या डिसेंबरात ते इंग्रजांकडे गेले. मराठी कुटुंबे मात्र या शहरात राहिली. राइट टाउनसारख्या, नावातच इंग्रजी अमदानीची खूण बाळगणाऱ्या वस्तीतील मराठी वाचकाला उत्तरेतील मराठी स्त्री म्हटले की झांशीची राणी आठवते. ते स्वाभाविक आहे. याच शहरात राहिलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांच्या हिंदी कवितेने राणीला घराघरांत नेले. युद्धात पडलेल्या तरुण राणीभोवती काव्य जमते. अनेक दशके मुक्काम बदलत टिकून राहिलेल्या आणि अंथरुणावर मरण आलेल्या वृद्धेभोवती ते जमत नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरात एकीने लढण्याचा आणि दुसरीने नरवरला जाण्याचा मार्ग धरला. स्मृतीने पहिलीची निवड केली.

परंतु राइट टाउनमधल्या मराठी माणसाचे स्वतःचे जीवन या दोघींपैकी कोणाच्या जीवनाशी अधिक जवळचे आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर बायजाबाईंकडे झुकते. मूळ गाव दक्षिणेत, आयुष्य उत्तरेत, भाषा घरात, व्यवहार परभाषेत आणि परत जाण्याची ओढ कायम, ही स्थिती रणांगणाची नाही, मुक्कामाची आहे. बृहन्महाराष्ट्रीय अनुभवाचे हे आद्य रूप बायजाबाईंच्या जीवनात सापडते, आणि म्हणून त्यांचा विचार केवळ ग्वाल्हेरच्या राजवंशाच्या इतिहासापुरता राहणे योग्य नाही.

सारांश, प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासात लेखक-प्रवाशाच्या बरोबरीने ज्यांच्यामुळे प्रवास घडले आणि ज्यांचा प्रवास इतरांनी लिहिला, अशा व्यक्तींना स्थान देणे आवश्यक आहे. त्यासाठी परकीय प्रवासवृत्ते मराठी ज्ञानाच्या आधारे पुन्हा वाचावी लागतील. पत्रे, दानलेख, घाट आणि मंडप हीही प्रवासाची साधने म्हणून तपासावी लागतील. अशी तपासणी झाल्यास मराठी स्त्रीच्या प्रवासाचा इतिहास रमाबाईंच्या आगबोटीच्या बराच आधी, घोड्याच्या पाठीवर आणि छावणीच्या तंबूत सुरू झालेला दिसेल. ज्ञानवापीचा तो मंडप काशीत अजून उभा आहे. बायजाबाईंनी स्वतःच्या नावे मागे ठेवलेल्या लेखनापैकी तो एक आहे, आणि तो वाचण्याची पद्धत मराठी समीक्षेने अद्याप घडवायची आहे.